भोपळ्याला हरलेली सुरी

“ओ सुरीवालं, तुमची सुरी भोपळा कापती का?”

बोरजाईवाडीच्या शनिवारच्या बाजारात, भर दुपारी, माझ्याभोवती पंधरा-वीस बाया उभ्या असताना हा सवाल आला. मी त्या वेळी टोमॅटो चिरत होतो. चकती अशी पातळ, की डोळ्यापुढं धरली तर पलीकडचं मारुतीचं देऊळ दिसावं, आणि नीट पाहिलं तर मारुतीच्या अंगावरचा शेंदूरही दिसावा. शेंदूर टोमॅटोचाच असेल, पण एवढा विचार बाजारात कोण करतो?

“भोपळा?” मी म्हणालो, “ताई, भोपळ्याला ही सुरी नुसती लांबनं दाखवायची. तो आपला आपण दोन फाकी हून पडतो.”

बाया खिदळल्या. विचारणारी हसली नाही. तिशीतली असेल. डोक्यावर पाटी, पाटीत सात-आठ किलोचा भोपळा.

“मग चला,” ती म्हणाली. “घर हितंच हाय, चावडीच्या मागं.”

त्या काळी मी प्लास्टिकच्या सुऱ्या विकायचो. हिरव्या, पिवळ्या, गुलाबी. मूठ आणि पातं एकसंध, पात्याला करवतीसारखे बारीक दाते. त्यात लोखंडाचा एक कण नव्हता आणि माझ्या बोलण्यात खऱ्याचा. ही सुरी जपानात एका माशाच्या दातावरून काढली, असं मी सांगायचो. विमानात बसणाऱ्या साहेबलोकांना हीच देतात, असंही सांगायचो. हे मी मनानंच ठोकलं होतं. पुढं पंचवीस वर्षांनी माझा पुतण्या विमानातून आला आणि खिशातून तसलीच सुरी काढून दाखवली, तेव्हा मला माझीच भीती वाटली. तमाशा रंगावा म्हणून शेवटी मी सुतळी कापून दाखवायचो. ती सुतळी मी घरूनच निम्मी कातरून आणायचो, हे आता सांगायला हरकत नाही. त्या वेळच्या बाया आता माझ्यासारख्याच बोळक्या झाल्या असतील.

तर मी अडकलो. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक तिथल्या तिथं पांगणार. त्यात कोंडाबाई नावाची एक जाडजूड बाई, जिनं नुकत्याच माझ्याकडून दोन सुऱ्या घेतल्या होत्या, ती पदर खोचून म्हणाली, “मी बी येते शेवंता तुज्यासंगं. भोपळा कसा फुटतोय त्ये बगू तरी.”

मी पथारी गुंडाळली आणि पिशवी खांद्याला लावून दोघींच्या मागं निघालो.

वाटेत शेवंतानं सांगितलं ते असं. तिचा नवरा मिल्ट्रीत, सासरा तीन वर्षांमागं गेलेला. घरात ती आणि सासू, दोघीच. आता आमच्या भागात अखंड भोपळा बाईमाणूस फोडत नाही. पहिला हात पुरुषाचा लागायचा, मग बाईनं चिरायचा. का, म्हणून विचाराल तर दहा जण दहा कारणं सांगतील. मी एकटा अकरा सांगू शकतो, पण खरं एकही नाही.

“आळीतली बाप्ये झाडून बाजारात गेल्यात, हाक मारली तर येक बी उठंना,” शेवंता म्हणाली. “आन् मला थांबून चालायचं न्हाई. आत्याबाई चार दिस झालं जेवल्या न्हाईत. नुसत्या च्यावर हायत.”

“आजारी हायत?”

“रुसल्यात,” कोंडाबाईच बोलली. “अवं, तानूआक्का म्हंजी साधं माणूस न्हवं. पंचक्रोशीत लगीन असू दे, बारसं असू दे, भाजी चिरायला पयली विळी आक्काची मांडायची. तिनं बसल्याबिगर दुसरी बाई विळीवर पाय ठेवत न्हवती.”

“आन् आता हात हलत्यात,” शेवंता म्हणाली. “लई हलत्यात. मी म्हनलं, बसा गप. ऐकतंय कोण? धा दिसांमागं विळीवर हात आला. हितनं हितवर.” तिनं स्वतःच्या डाव्या तळहातावर रेघ ओढली. “सात टाकं पडलं. तवापासनं विळी, सुरी, खुरपं, समदं माळ्यावर टाकलंय मी. तर म्हणत्यात, चिरायला न्हाई तर गिळायला बी न्हाई. म्हनलं घारगं करावं, त्यांस्नी लई आवडत्यात. त्यानं तरी तोंड उघडतंय का बगू.”

तानूआक्का ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. मूठभर म्हातारी. डाव्या हाताला पट्टी, आणि दोन्ही हात मांडीवर असे थडथडत होते, जसं उकळी फुटलेल्या पातेल्यावरचं झाकण. डोळे मात्र जागच्या जागी. त्या डोळ्यांनी तिनं मला टोपीपासून चपलेपर्यंत सोललं.

“हे कोण ध्यान?”

“सुरीवाला हाय, आत्याबाई. भोपळ्याला हात लावाया आणलाय.”

“गावातली बाप्ये मेली का?”

“बाजारात हायत.”

“म्हंजी मेल्यातच जमा.”

मी भोपळा पुढ्यात घेतला. पिशवीतली त्यातल्या त्यात दणकट, गुलाबी सुरी काढली. कपाळाला लावली. हा एक माझा नेहमीचा डाव होता, त्यानं बाया गप्प होतात. मग सुरी भोपळ्यावर ठेवली आणि ओढली.

सुरी घसरली.

दुसऱ्यांदा जोर लावला. भोपळ्यावर बारीक बारीक रेघा उमटल्या, मिसरूड फुटल्यासारख्या. तिसऱ्यांदा मी गुडघ्यावर उठलो आणि सगळा भार टाकला. कट् असा आवाज झाला. पात्याचा निम्मा तुकडा उडाला तो सरळ अंगणातल्या कोंबडीच्या पाठीत. कोंबडी अशी ओरडली, की तिनं त्या दिवशी दोन अंडी घातली असणार.

“अगं बया!” कोंडाबाई म्हणाली. “फाकी सुरीच्याच पडल्या की गं!”

आणि खांबापाशी एक आवाज सुरू झाला. जुना हापसा पाणी येण्याआधी जसा घरघरतो, तसा. तानूआक्का हसत होती. शेवंतानं दचकून तिच्याकडं पाहिलं.

“आरं मुडद्या,” म्हातारी म्हणाली, “ह्या सुरीपक्षा माजी जीभ बरी की. चार शिव्या दिल्या असत्या तर भोपळा उकलला असता.”

“आक्का, भोपळाच बिघडलाय.”

“व्हय व्हय. भोपळा बिघडलाय. सुरी गुणाची हाय.”

मी उठलो, भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आपटला. तीन तुकडे झाले. पुरुषाचा हात लागला, रीत पाळली गेली. शेवंता तुकडे गोळा करून आत गेली आणि विळी काढायला माळ्याच्या शिडीवर चढली. हसण्याच्या आवाजानं शेजारपाजारच्या आणखी दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोंडाबाई त्यांना कोंबडीची गोष्ट सांगायला लागली. इतकी वाढवून, की मलाही शिकण्यासारखं होतं.

मला लाज वाटली म्हणा, किंवा म्हातारीचं हसणं मनात राहिलं म्हणा. मी पिशवीतून एक नवी हिरवी सुरी काढून आक्कापुढं ठेवली. “ऱ्हाऊ द्या तुमाला. तशीच.”

तिनं सुरी उचलली. उलटी केली, सुलटी केली. अंगठ्यानं दाते चाचपले. आणि मी काही बोलायच्या आत, पट्टी बांधलेल्या हातात धरून, तिनं ती स्वतःच्या उजव्या तळहातावरून कचकन ओढली.

मी तिचा हात धरायला पुढं झालो.

तळहातावर एक पांढरी रेघ उमटली आणि पुसून गेली. तिनं पुन्हा ओढली, आणखी दाबून. पुन्हा रेघ, पुन्हा काही नाही. मग तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“का रं,” ती हळूच म्हणाली, “ही हात कापत न्हाई व्हय?”

सुरी विकणाऱ्याला विचारू नये असा जगात एकच सवाल असेल, तर तो हा. माझ्या जिभेला अकरा वर्षांची सवय. डोकं जागं व्हायच्या आत ती धावत सुटली.

“कापत न्हाई? आक्का, काय बोलता! रगात निघायच्या आधी हाड दिसंल! लई जहाल धार हाय, सांभाळून!”

नेमकी त्याच वेळी शेवंता विळी घेऊन बाहेर आली. तिनं एवढंच ऐकलं. विळी खाली टाकून ती झेपावली आणि म्हातारीच्या हातातली सुरी तिनं हिसकून घेतली.

“आत्याबाई! सात टाकं घालूनबी हौस फिटली न्हाई?” मग माझ्याकडं वळली. “आन् तुमाला काय अक्कल? म्हाताऱ्या माणसाच्या हातात जहाल सुरी देताय?”

मला वाटलं, आता आक्का मला शिव्या देईल. तिनं दिली नाही. खांबाला टेकली आणि तोंड भिंतीकडं केलं.

“च्या ठेव,” एवढंच म्हणाली.

मी पिशवी उचलली. चपला घातल्या. निघून जाणं अगदी सोपं होतं. दारात कोंडाबाई उभी होती, तिच्या गाठोड्यात माझ्या दोन सुऱ्या. मागं आणखी बाया. महिन्याचे चारही शनिवार मी ह्याच बाजारात बसणार होतो. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर ह्या गावात मला कुणी लिंबूसुद्धा चिरू दिलं नसतं.

पण जाता जाता माझं लक्ष आक्काच्या हाताकडं गेलं. तोंड भिंतीकडं होतं, डोळे मिटलेले होते, आणि हात मांडीवर काहीतरी करत होते. डाव्याची बोटं काहीतरी धरून पुढं सरकवत होती. उजवा हात ते चिरत होता. हातात भाजी नव्हती. सुरी नव्हती.

मी चपला काढल्या.

“ताई,” मी म्हणालो, “ती सुरी द्या त्यांस्नी. मी खोटं बोललो. ती कापत न्हाई.”

“काय कापत न्हाई?” हे कोंडाबाईनं विचारलं.

“माणूस कापत न्हाई. भोपळा कापत न्हाई ते बगितलंच. नारळ न्हाई, ऊस न्हाई, सुरण न्हाई. सुतळी मी घरनं कातरून आणतो. काकडी, टोमॅटो, भेंडी, केळं, पाव, एवढंच तिच्यानं व्हतंय. हाताला ती काय बी करत न्हाई.”

“मगाशी जहाल म्हणालासा,” शेवंता म्हणाली.

“मगाशी खोटं बोललो.”

“मग आत्ता खरं बोलताय कशावरनं?”

बघा. जन्मभर थापा मारलेल्या माणसाला एकदा खरं बोलायची वेळ आली, तर त्याच्यापाशी भांडवल काय? काही नाही. मी शेवंताच्या हातातली सुरी घेतली, जीभ बाहेर काढली, आणि सगळ्या बायांच्या देखत सुरी जिभेवरून ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दाबून. दात्यांनी गुदगुली झाली, बाकी काही नाही. मग मी जीभ तशीच बाहेर ठेवून प्रत्येकीला दाखवत फिरलो, कोंडाबाईला दोनदा.

भिंतीकडून आवाज आला, “जरा आनी दाब. तेवढीच गावाला शांती.”

शेवंताला हसू आलं. ते दाबायला तिनं पदर तोंडावर घेतला, आणि पदराआडूनच सुरी सासूपुढं धरली.

आक्कानं वळून ती घेतली. काकड्या ओसरीवरच्या सुपात होत्या. तिनं एक ओढली, पट्टीच्या हाताखाली धरली आणि सुरी टेकवून जोर दिला. सुरी वाकडी गेली. एक फोड पाटाएवढी जाड निघाली, दुसरी निघालीच नाही. शेवंताचे दोन्ही हात पुढं आलेले, जसं पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकराखाली आई धरते तसे.

मग आक्कानं दाबायचं सोडलं. सुरी नुसती टेकवली.

आणि मी अकरा वर्षांत माझ्या सुरीचं न पाहिलेलं रूप पाहिलं. दातेरी सुरीला दाब लागत नाही, मागंपुढं लागतं. आक्काचा हात तर मागंपुढंच करत होता, दिवसभर, फुकट. थरथर सगळी दात्यांत उतरली. सुरी आपोआप खाली निघाली. चकती पडली. दुसरी पडली. तिसरी अशी पडली, की मी ती उचलून डोळ्यापुढं धरली असती, पण मारुतीचं देऊळ तिथनं दिसत नव्हतं.

मध्येच सुरी घसरून तिच्या बोटावर गेली. शेवंता ओरडली. आक्कानं बोट वर केलं, दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवलं, आणि पुन्हा काकडीला लागली.

शेवंताचे पुढं आलेले हात हळूहळू मागं गेले.

“भेंडी आण,” आक्का म्हणाली. “आन् ती विळी भोपळा झाला की वर टाक. तिचा माजा सवदा मिटला.”

कोंडाबाई आता भानावर आली. “आन् माज्या दोन सुऱ्या? त्या तर सुतळी कापत्यात म्हणून घेतल्या मी.”

“परत द्या,” मी म्हणालो.

तिनं गाठोडं सोडलं. सुऱ्या हातात घेतल्या. आक्काकडं पाहिलं, सुऱ्यांकडं पाहिलं. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. “नात सारकी विळीपाशी लुडबुडती. तिला केळं चिराया हुईल.” आणि गाठोडं परत बांधलं. मागं उभ्या असलेल्या एकीनं विचारलं, “सुरीवालं, आंधळ्या माणसाला चालंल का वो? आमच्या मामंजींचं पेरूसाठी रोज भांडान असतंय.” मी आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला नुसतं “चालंल” म्हणालो आणि गप्प बसलो. फार जड गेलं.

जेवल्याशिवाय मला कुणी सोडलं नाही. आक्कानं स्वतः चिरलेल्या भेंडीची भाजी ताटात घेतली, काकडीची कोशिंबीर घेतली, आणि घारगा मोडून तोंडात टाकला. शेवंता कढईपाशी बसून ते बघत राहिली. इतकी, की कढईतला घारगा काढायचा विसरली आणि तो काळाकुट्ट झाला. तो मला मिळाला. मी बारा गावचं खाल्लंय, पण तसला गोड घारगा पुन्हा मिळाला नाही. ही थाप नाही.

“नाव काय तुजं?” आक्कानं विचारलं.

“हैबती.”

“हैबती, बाजारातनं तुजी आरोळी हितवर ऐकू येती. जपान म्हणतूस, मासा म्हणतूस. समदं सांगतूस. जे खरं हाय तेवढं सोडून.”

पुढच्या शनिवारी मी त्याच जागी पथारी टाकली आणि ओरडलो, “घ्याऽऽ, भोपळ्याला हरलेली सुरी! बोटाला न लागणारी सुरी!” चार वाजता पिशवी रिकामी. खरं बोलून धंदा होतो हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. अकरा वर्षं केवढी डोकेफोड करून थापा रचल्या होत्या.

त्यानंतर दर दिवाळीच्या आधीच्या बाजाराला शेवंता यायची आणि जुनी सुरी माझ्यापुढं ठेवायची. दाते पार झिजून गेलेले, हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत. “नवी द्या,” म्हणायची. “आन् आत्याबाईंनी इचारलंय, हैबतीची सुरी भोपळा कापाया शिकली का न्हाई?” मी म्हणायचो, “सांगा, अजून पयलीतच हाय.” सहा वर्षं असं चाललं. सहा सुऱ्या आक्कानं झिजवल्या. सुऱ्यांच्या कारखान्यातला माणूस मला म्हणाला असता की प्लास्टिक इतकं झिजत नाही, तर मी त्याला बोरजाईवाडीला नेलं असतं.

सातव्या वर्षी शेवंता आली आणि तिनं हिरवी सुरी पुढं ठेवली. टोकाकडचे दाते गेलेले, मुठीकडचे शाबूत. मी सवयीनं नवी काढली.

“नवी नको, भाऊ,” ती म्हणाली. मी वर पाहिलं. तिनं मान हलवली. “आषाढात गेल्या. सकाळची भाजी चिरून ठिवली, हात धुतलं, आन् खांबाला टेकून बसल्या. ही तुमाला द्याया आधीच सांगितलीया. म्हणाल्या, त्याचं बी हात हलतील एक दिस.”

आज माझं वय विचारू नका, मी वाढवूनच सांगेन. पण हात हलतात, हे खरं आहे. चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त पडतो. सुनेनं माझा दाढीचा वस्तरा केव्हाच काढून घेतला. तिचं बरोबर आहे. पण सकाळी चिरायची भाजी सुपात घालून ती माझ्यापुढं आणून ठेवते. मी उशाखालची हिरवी सुरी काढतो, भेंडीवर नुसती टेकवतो, आणि दाब देत नाही. आक्कानं निम्मे दाते झिजवले होते. उरलेल्यातले आता बोटभर राहिलेत.

परवा सुनेनं भोपळा आणला. मुलगा कामावर गेलेला. भोपळा माझ्यापुढं ठेवून, डोळे मिचकावून तिनं विचारलं, “मामंजी, तुमची सुरी भोपळा कापते का हो?”

मी सुरी घेतली आणि भोपळ्यावर हलकेच टेकवली, देवाच्या पायावर कपाळ टेकवतात तशी.

“नाही कापत, पोरी,” मी म्हणालो. “तो दगडावर आपटायला घे. पुरुषाचा हात लागला. आणि घारगे करणार असशील, तर एक जळू दे.”